दुसरं टोक

हॅकबेरी, इलिनॉय
५ ऑक्टोबर १९०८

श्रीमती लोरेन्डा बेल यांस,

पत्र लिहिण्यास कारण की, येत्या बारा फेब्रुवारीस आपले दिवंगत राष्ट्राध्यक्ष, ज्यांना यादवी लढाईच्या काळात अवघा उत्तर भाग ‘बाबा अब्राहम’ म्हणत असे, त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आपल्या गावी त्यांच्या स्मृतिवस्तूंचे प्रदर्शन भरवण्याचे ठरले असून, समितीच्या अध्यक्षपदी माझी एकमताने (श्री. स्कॉगिन यांचे मत सोडून) निवड झाली आहे. सबब, आपल्या ताब्यात असलेले, शोकासाठी लावायचे काळ्या क्रेप कापडाचे फूल आपण कृपा करून

जाऊ दे. नाही जमत मला हे. तुला ‘आपण’ म्हणायचं म्हणजे जिभेला फोड येतील. अगं, नाक पुसायला मी शिकवलंय तुला!

तर लोरेन्डा, सरळ सांगते. ते फूल मला हवंय. दहा वर्षांपूर्वी, आईच्या दफनाच्या दिवशी, सगळं गाव आपल्या घरी जेवायला बसलेलं असताना तू माझ्या काचेच्या कपाटातून ते उचललंस आणि तडक नेब्रास्काची गाडी धरलीस. त्याआधी माझ्या दिशेने सुक्या सफरचंदांचा एक ‘पाय’, ताजा भाजलेला, थाळीसकट भिरकावलास. तो मला लागला नाही, पाद्रीबुवांना लागला. अजून ते आपल्या घरी जेवायला यायचं म्हटलं की दाराजवळची खुर्ची धरतात.

तुला वाटत असेल, केझायाकडे आता उरलंय काय दाखवायला. तर ये आणि बघ. दुकानात पुढे टोप्या आणि मागच्या खोलीत बाबा अब्राहम, असं माझं चाललंय. छातीवर लावायच्या काळ्या फिती आहेत, काळ्या काठाचे रुमाल आहेत, समाधीचं चित्र असलेली बशी आहे (थोडी उडालेली, पण कळसाकडची बाजू शाबूत). गावातल्या प्रत्येक म्हातारीच्या पेटीचा तळ मी खरवडून काढलाय. आणि भिंतीवर आईने केलेला तो लांबलचक कापडी फलक, जो धरून आपण दोघी स्टेशनवर उभ्या होतो. ‘बाबा अब्राहम घरी येत आहेत.’ अजून एक अक्षर सुटलेलं नाही.

फक्त ते फूल नाही. त्यांचं शव घेऊन गेलेल्या खुद्द त्या शेवटच्या गाडीवरची आपल्या गावात आलेली एकमेव वस्तू, आणि ती बसलीय नेब्रास्कात तुझ्या टेबलाच्या खणात, बटणं आणि सुतळीबरोबर. उगाच नाही म्हणू नकोस, मी ओळखते तुला.

पार्सल नीट बांध.

केझाया रूड


२ नोव्हेंबर १९०८

लोरेन्डा,

तुझा खोका पोचला.

मी दुकान बंद केलं, हात धुतले, पांढरे हातमोजे घातले. लेमुएल स्कॉगिनला मुद्दाम बोलावून घेतलं, त्याच्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात म्हणून. तुला तो आठवत असेल, स्कॉगिन शवपेटीवाला. आता धंदा सोडलाय आणि माझ्यासारखाच या वस्तूंच्या नादी लागलाय. त्याच्यासमोर मी दोरी सोडली, कागद उलगडला.

आणि आतून निघाला एक काळा लोकरी पायमोजा. टाचेला भोक. सोबत तुझी चिठ्ठी: ‘हा लाव काचेत.’

हरामखोर कुठली!

पण पुढचं ऐक. चिठ्ठी मी झटकन मुठीत लपवली. स्कॉगिनने चष्मा पुसला, पायमोजा दोन बोटांत धरला, उजेडात नेला, आणि चर्चमध्ये बोलतात त्या आवाजात म्हणाला, “केझायाबाई, हा कुणाचा? गाडीबरोबर आलेल्या मंडळींपैकी कुणाचा?”

मी म्हटलं, “ते सांगायची मला परवानगी नाही.”

“टाच झिजलीय,” तो म्हणाला. “फार उभं राहावं लागलं असेल बिचाऱ्याला.” आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं गं! आता तो रोज येतो आणि त्या पायमोज्याच्या बदल्यात काही ना काही देऊ करतो. परवा म्हणाला, राष्ट्राध्यक्षांच्या केसांची बट घे. ती बट मी पाहिलीय. तांबूस आणि कुरळी आहे. आपल्या गावच्या न्हाव्याचा कुत्रा नेमका त्याच रंगाचा होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, कारण भांडणात काहीतरी राखून ठेवावं माणसाने. शिवाय त्याच्याकडे शववाहिनीचे गोंडे आहेत. एकट्या आपल्या तालुक्यात त्या शववाहिनीचे इतके गोंडे निघालेत की ते सगळे खरे धरले तर घोड्यांना ती ओढताच आली नसती.

पण लोरेन्डा, हसून झालं. आता फूल पाठव. समितीत मी सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलेय.

केझाया

ता. क. दुसऱ्या पायातला मोजा पाठवलास तर जोड पुरी होईल. स्कॉगिन आयुष्यभर ऋणी राहील.


२९ नोव्हेंबर १९०८

लोरेन्डा,

थँक्सगिव्हिंगचा टर्की गळ्यापर्यंत आलाय आणि तुझं पत्र समोर आहे. तीनच वाक्यं, पण मागच्या वेळेपेक्षा जास्त आहेत, म्हणजे प्रगती आहे. ‘ते गाडीतून पडलं नव्हतं. ते मला दिलं होतं. बाबांनी पाठवलं होतं.’

आलं का पुन्हा तेच! याच वाक्यावरून तो सफरचंदांचा पाय उडाला होता. मी फुलाखाली कार्ड लावलं होतं, ‘अंत्ययात्रेच्या गाडीतून पडलेले फूल.’ तू ते वाचलंस, पांढरीफटक पडलीस आणि हेच म्हणालीस. तेव्हा तू काही चार वर्षांची नव्हतीस, चांगली सदतीस वर्षांची घोडी होतीस.

बरं, आता तूच विषय काढलास, तर मला काय आठवतं तेही ऐकून घे. तू चार वर्षांची, मी नऊची. त्या वसंतात दुकानात काळा कपडा शिल्लक नव्हता. लोकांनी अक्रोडाच्या सालीत चादरी रंगवल्या. स्कॉगिनच्या आईने स्टेशनच्या कमानीला स्वतःचे काळे परकर टांगले आणि वर मोठ्या दिमाखात पानाफुलांचा हार लावला. आईने आठवडाभर दार लावून घेऊन हा फलक केला. पांढरी चादर, त्यावर काळी अक्षरं शिवलेली. आपले बाबा तेव्हा दक्षिणेत, अलाबामात, फौजेत होते. लढाई संपली, आता माणसं परत येणार, असं जो तो म्हणत होता. त्यात त्यांचं नाव अ‍ॅब्राम. त्यात हा फलक. तू आईला विचारलंस, यावर काय लिहिलंय? आईने वाचून दाखवलं, ‘बाबा अब्राहम घरी येत आहेत.’

झालं. तू सकाळपासून केसांना रिबीन लावून तयार.

गाडी आली ती न्याहारीच्या सुमारास, अगदी सावकाश. इंजिन काळ्या कापडात गुंडाळलेलं. पुरुषांनी टोप्या काढलेल्या. बायका रडत होत्या, आणि आपण दोघी दोन टोकं धरून सगळ्यांच्या पुढे. एवढ्यात तू तुझं टोक सोडलंस. हसत, टाळ्या वाजवत, “बाबा! बाबा आले!” म्हणून गाडीबरोबर पळत सुटलीस. फलक चिखलात. मी माझं टोक धरून तशीच उभी, आणि सगळं गाव आपल्याकडे बघतंय. स्कॉगिनची आई मोठ्याने म्हणाली, “कुणाची गं ही निर्लज्ज कार्टी?” मला वाटलं, जमीन फाटावी आणि मला पोटात घ्यावं.

शेवटच्या डब्याच्या पायरीवर एक दाढीवाला सैनिक होता. बाकीचे पुतळ्यासारखे उभे. त्याने तुझ्याकडे पाहिलं, छातीवरचं काळं फूल काढलं, वाकला, आणि ते तुझ्या हातात दिलं. पडलं नव्हतं, दिलं होतं. घे, लेखी देते. पण तो आपले बाबा नव्हता लोरेन्डा, आणि त्याला बाबांनी पाठवलंही नव्हतं.

आणि आई? मला वाटलं, आता हिला चांगला चोप बसणार. आईने तुला कडेवर घेतलं. तुझा मूठ वळलेला हात हातात धरला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो हलवत राहिली. मला मात्र घरी जाऊन चादर धुवायला लावली. शेंडेफळाचे लाड, दुसरं काय!

जूनमध्ये तिने आपल्याला सांगितलं की बाबा येणार नाहीत. तू रडली नाहीस. म्हणालीस, “ते तर येऊन गेले.” मला तुझा इतका राग आला होता, की तो अजून कुठेतरी शिल्लक असावा असं हे लिहिताना वाटतंय.

ते असो. स्कॉगिनने काल जेवणानंतर माझ्यापुढे प्रस्ताव ठेवला, की आपण दोघांनी आपापले संग्रह एकत्र करावेत. मी विचारलं, “म्हणजे लग्न?” तो म्हणाला, “ओघाने तेही आलंच.” मी म्हटलं, “गोंड्यांसकट?” तो विचार करून सांगतो म्हणाला.

फूल पाठव.

केझाया


१० जानेवारी १९०९

लोरी,

बैस. हातातलं काम बाजूला ठेव आणि मग वाच.

काल प्रदर्शनासाठी तो फलक खिळ्यांवरून उतरवला. चाळीस वर्षांत तो नीट उतरवलाच नव्हता. झटकायचा आणि तसाच ठेवायचा. कसर लागली असेल म्हणून मी तो टेबलावर उलटा पसरला, ब्रश घेतला आणि एकेक अक्षराच्या मागची शिवण उसवून बघायला लागले. बाहेर बर्फ पडत होतं, स्कॉगिन शेगडीपाशी बसून नेहमीसारखा त्या पायमोज्याबद्दल बोलत होता.

‘घरी’ या शब्दाच्या पहिल्याच अक्षराची उभी दांडी आहे ना, तिच्या मागे काजं होती. बटणांची काजं. एकाखाली एक, आत दुमडून काळ्या दोऱ्याने तोंडं शिवून बंद केलेली, पुढून कधी दिसलीच नाहीत. आणि वरून दुसरं काज हिरव्या दोऱ्याने विणलेलं होतं.

तुला ते हिरवं काज आठवणार नाही, तू फार लहान होतीस. मला आठवतं. बाबांच्या रविवारच्या कोटाचं होतं ते. आईकडचा काळा दोरा संपला म्हणून तिने हिरवा वापरला होता, आणि बाबा दर रविवारी चर्चला निघताना त्या काजावर बोट ठेवून म्हणायचे, “पाद्रीबुवा, माझ्या अंगाला पालवी फुटलीय, प्रवचन आटोपतं घ्या.” दर रविवारी तोच विनोद, आणि दर रविवारी आई हसायची.

मी बाकीची अक्षरंही उसवली. बाही, कॉलर, खिशाची कड. सगळा फलक त्या कोटाचा आहे लोरी. गावात काळा कपडा मिळत नव्हता, म्हणून आईने तो कोट कापला.

जो माणूस महिन्याभरात घरी यायचाय, त्याचा एकुलता एक चांगला कोट कुणी बाई कापेल का? आपली आई? जी सुतळीचे तुकडे साठवायची?

तिला माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं. बाबा गेल्याची बातमी तिला एप्रिलमध्येच आली होती, त्याच दिवसांत केव्हातरी. तिने काळे कपडे घातले आणि आपल्याला शंका आली नाही, कारण सगळं गाव काळ्यात होतं. ती रडायची, पण सगळ्याच बाया रडत होत्या. अख्खा देश राष्ट्राध्यक्षांसाठी रडत होता, त्या गर्दीत ती आपल्या नवऱ्यासाठी रडून घेत होती, म्हणजे मग आपल्या दोघींना आणखी थोडे दिवस बाप राहणार होता. आणि मी पन्नाशी ओलांडेपर्यंत सगळ्यांना सांगत आलेय, की आमच्या आईने राष्ट्राध्यक्षांसाठी किती मोठा शोक पाळला!

बाबांचं शरीर तिकडे अलाबामातच मातीत गेलं. त्यांची गाडी येणार नव्हती. म्हणून तिने त्यांचा कोट घेतला, त्याची अक्षरं केली, ‘बाबा घरी येत आहेत’ असं लिहिलं आणि आपल्या दोघींच्या हातात दिलं. आता मला कळतंय ती तुझा हात धरून कुणाला निरोप देत होती. तू ‘बाबा आले’ म्हणून ओरडलीस, तेव्हा त्या सगळ्या स्टेशनवर खरं बोलणारी तू एकटी होतीस. बाबा खरंच आले होते गं. एक टोक तुझ्या हातात होतं, एक माझ्या.

मी रडायला लागले. लेमुएल घाबरून उठला आणि सवयीने विचारलं, “माप कुणाचं घ्यायचं?” मग त्याला सगळं सांगितलं. तो खाली बसला. म्हणाला, “माझी आई त्या दिवशी जे बोलली ते मला माहीत आहे. मी तिच्याशेजारीच उभा होतो. तुझ्या बहिणीला सांग, स्कॉगिन माफी मागतोय.” मी सांगितलं.

जुनं कार्ड मी चुलीत घातलं. नवं लिहिलंय: ‘हे फूल गाडीवरच्या एका सैनिकाने लोरेन्डा टटल हिला दिले. ती आपल्या बाबांना घ्यायला स्टेशनवर आली होती.’ नाव माहेरचंच घातलंय, तेव्हा आपण दोघी टटलच होतो.

हे कार्ड रिकाम्या जागेखाली लावणार आहे. फूल तुझ्याकडेच ठेव. बटणांबरोबर ठेवलंस तरी चालेल. मला फूल नको, मला तू हवीस. दहा वर्षं झाली लोरी. मला ती अक्षरं परत शिवायची आहेत आणि हिरव्या काजाकडे बघून हसायला सोबत कुणी नाही. बाबांचा तो विनोद आता जगात मला एकटीलाच ठाऊक आहे, आणि एकट्याने हसण्याइतका तो चांगला नाही.

ये ना गं.

केझी


१ फेब्रुवारी १९०९

लोरी, लोरी, लोरी,

तुझी तार आली! तारवाला दुकानात शिरला तेव्हा मी महापौरांच्या बायकोच्या डोक्यावर शहामृगाची पिसं बसवत होते. तार वाचली आणि ती बाई तशीच अर्ध्या पिसांनिशी बसून राहिली, कारण मी तारवाल्याला मिठी मारली होती. ‘अकराला दुपारच्या गाडीने येते. फूल आणते. पाय कर. फेकणार नाही.’ शेवटच्या दोन शब्दांचा जास्तीचा आकार भरलास, ही तुझी उधळपट्टी मला फार आवडली.

पाय करतेय, सुक्या सफरचंदांचाच. पाद्रीबुवांनाही बोलावलंय. त्यांनी विचारलं, “लोरेन्डा टेबलाच्या कुठल्या बाजूला बसणार?” मी म्हटलं, दोघी एकाच बाजूला बसणार आहोत, तुम्ही आपली कुठलीही धरा.

लेमुएलला शेवटी त्या पायमोज्याचं खरं सांगून टाकलं, म्हटलं, ती आल्यावर तिच्या तोंडून कळायच्या आत कळलेलं बरं. त्याने तो पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाला, “तरीपण टाच फार झिजलीय.” मी म्हटलं, चार पोरं आणि नेब्रास्का, झिजणार नाही तर काय! तो मोजा त्याने परत दिला नाही. म्हणतो, संग्रहात एक तरी वस्तू अशी असावी जिची हकीगत खात्रीची आहे. गोंड्यांबद्दलही आता त्याचा सूर नरमलाय. तू आलीस की बघ आणि मला सांग, या माणसाचं काय करायचं ते.

आता नीट ऐक, कारण हे पत्र तुला तू निघण्याआधी मिळेल.

अक्षरं मी पुन्हा शिवली. हिरवं काज या वेळी पुढे ठेवलंय, दिसेल असं. अकराला दुपारी फलक प्रदर्शनाच्या भिंतीवर नसेल. समिती आत्तापासून बोंब मारतेय, की उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी मुख्य वस्तू जागेवर नाही म्हणजे काय! मी म्हटलं, अध्यक्ष मी आहे, फलक माझ्या बापाचा आहे, आणि तासाभराने परत लावते.

मी तो घेऊन स्टेशनवर येणार आहे. फलाटावर, त्याच जागी, माझं टोक धरून उभी राहीन. लेमुएल म्हणाला, “दुसरं टोक मी धरतो.” मी म्हटलं, खबरदार! मग म्हणाला, निदान खांबाला तरी बांधू, खाली चिखल आहे. मी म्हटलं, असू दे चिखल. धुवायची सवय आहे मला.

तू उतरशील तेव्हा लोकांना वाटेल, ही बाई एकटीच अर्धा फलक धरून उभी आहे आणि बाकीचा मातीत लोळतोय. वाटू दे. हसू दे सगळ्या गावाला. पेटी हमालाकडे दे, रिबीन लावून आलीस तर उत्तमच, आणि आधी मला मिठीबिठी मारत बसू नकोस. आधी ते टोक उचल. तुझंच आहे ते.

तुझी,
केझी